कोठ्याची अर्थिंग

मैनाबाईच्या हाताला मुंग्या येत होत्या आणि ती त्याला म्हातारपण समजत होती. होळीला लेक महागू बालाघाटहून घरी आला तेव्हा त्याला वाढता वाढता तिनं ते सांगितलं, तेही सहज, कोंबडी खुडूक बसल्याचं सांगावं तसं.

"पटेलाच्या कोठ्यात कुट्टीच्या मशीनले हात लावला का झिनझिन करते, कोपरापावतर. घरी आलं का काई नाई."

"मशीन चालू राह्यते तवाच?" महागूनं विचारलं.

"हौ."

"पायात चप्पल?"

मैनाबाई हसली. "शेनात चप्पल घालून कोन जाते रे बाबू?"

महागूनं ताट बाजूला सारलं. जगातल्या फार गोष्टी त्याला कळत होत्या असं नाही, पण ही एक नीट कळत होती. तो वायरमन होता. नागपूरला मामाकडे दोन वर्षं राहून, शिकून, परीक्षा देऊन त्यानं परमिट मिळवलं होतं. सावरटोल्यात विजेचे खांब आले तेव्हा घनश्याम पटेलाच्या घरची सगळी फिटिंग त्यानंच केली होती, आणि घरामागच्या गुरांच्या कोठ्यात कुट्टी कापायची मशीन त्यानंच जोडली होती. त्या मशीनवर काम करणारं माणूस म्हणजे त्याची माय.

त्याचा बाप फकिरा पटेलाकडे बावीस वर्षं सालदार होता. साल अक्तीला, म्हणजे अक्षय तृतीयेला लागतं आणि पुढच्या अक्तीला सुटतं. सालदाराच्या बायकोनं शेण काढायचं, कुट्टी कापायची, हे सालातच धरलेलं असतं. त्याचं कुणी वेगळं नावही घेत नाही. मधेच काम सोडलं तर वर्षाचं धान गेलं. दीक्षा घेऊन तेरा वर्षं झाली होती, घरातले जुने देव नदीत सोडून झाले होते, तरी फकिराची चहाची कपबशी पटेलाकडे अजून कोठ्याच्या वळचणीलाच खोचलेली असे.

त्यामुळे मागच्या दिवाळीत महागू पटेलाच्या उंबरठ्याच्या आत गेला तेव्हा बौद्धटोलीत दोन दिवस तोच विषय होता. पटेलानंही काही मोठ्या मनानं बोलावलं नव्हतं. रामपायलीचा वायरमन खांबावरून पडून घरी बसला होता, दुसरा कुणी मिळेना, म्हणून. पटेलाची आई जिजाबाई महागूच्या पाठोपाठ गोमूत्राची वाटी घेऊन फिरत होती आणि त्यानं पाय ठेवला तिथं तिथं शिंपडत होती. महागूनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. कोठ्यात एक वेगळं बटन लावू या, असं तो म्हणाला तेव्हा पटेल म्हणाला, "आतल्या ओसरीत हाय न एक, दोन कशाले?" महागूनं विषय सोडला; मशीन लावायला, बंद करायला कोठ्यातून हाक मारायची आणि घरातल्या कुणी ते दाबायचं, असं ठरलं. खरं सांगायचं तर त्या घरात भिंतीला हात लावायला मिळतो आहे याचाच त्याला मोठा आनंद झाला होता, आणि तो घालवायची त्याची तयारी नव्हती.

अर्थिंगमध्ये मात्र त्यानं कुचराई केली नव्हती. घरामागे पुरुषभर खड्डा खणून त्यात पाईप उभा केला, भोवती कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळशाचा थर असं भरलं. मग न्हाणीतला नळ, पंपाची मोटार, कोठ्यातली मशीन, गुरांना पाणी पाजायची लोखंडी डोण, असं हाताला लागणारं सगळं लोखंड एका जाड तारेनं एकमेकांशी बांधलं आणि ती तार त्या पाईपाला आणून जोडली. कुठं करंट फुटलाच तर तो माणसाच्या अंगातून न जाता तारेनं जमिनीत जावा, एवढाच त्याचा हिशेब. तो हिशेब बरोबर असेल तर मायच्या हाताला मुंग्या यायला नको होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो पटेलाकडे गेला. अंगणातून वळसा घालून कोठ्याच्या मागं आला आणि त्याला दिसलं. तार भिंतीपाशी कापली होती. निसटली नव्हती, गंजली नव्हती, चांगली पकडीनं कापलेली. दोन्ही टोकं वीतभर लांब वाकवून ठेवली होती, चुकून एकमेकांना लागू नयेत म्हणून.

घनश्याम पटेल पडवीत तंबाखू मळत बसला होता. वय पस्तिशीचं, वारासिवनीला मॅट्रिकपर्यंत शिकलेला, बोलायला मऊ माणूस.

"मालक, कोठ्याची तार कोनं कापली?"

उत्तर आतून आलं. "मी कापवली." जिजाबाई दारात येऊन उभी राहिली. चोरी पकडली गेल्याची खूणही तिच्या तोंडावर नव्हती. "तुह्या मायचा हात दिवसभर त्या मशीनले. त्या मशीनची तार आनून बांधली तू माह्या न्हानीच्या नळाले. त्या नळाचं पानी मी देवाले घेतो."

"अवो मालकीन, ते तार पान्यासाठी नाई..."

"मले येडी समजू नको. ह्या लोखंडातलं त्या लोखंडात जाते, असं तूच सांगत होता न दिवाळीत? करंट जाते तं विटाळ काहून नाई जात?"

महागूला हसू यायला हवं होतं. आलं नाही. म्हातारीनं त्याचं शिकवणं भल्याभल्या शिकाऊ उमेदवारांपेक्षा नीट ध्यानात ठेवलं होतं. एकाला लागलं ते सगळ्यांना लागतं, हे तिला पक्कं समजलं होतं. पाच महिने झाले, ती त्या समजुतीवर समाधानानं देवाला पाणी घालत होती आणि त्याची माय मशीनला हात लावत होती. महागूला त्या म्हातारीचा भयंकर संताप आला. तो तिच्याशी बोलला नाही, पटेलाशी बोलला.

"मालक, मशीनची मोटार कुठंतरी फुटली हाय. मायच्या हाताले करंट लागून राह्यला."

"कसा लागते?"

"झिनझिन करते."

"झिनझिनच करते न?" पटेल म्हणाला. "अन् मायच्या शब्दापुढं मी जात नाई, तुले मालूम हाय."

पटेलानं तंबाखू तोंडात टाकली. बोलणं संपलं होतं. तेवढ्यात महागूच्या मनात आलं आणि त्यानं विचारलं, "म्हैस डोनीतलं पानी पिते का?"

पटेलानं मान वर केली. "एक महिना झाला, तोंड लावते अन् मागं सरते. दूध अर्ध्यावर आलं. माय म्हनते, तुह्या मायची नजर लागली."

"नजर नाई मालक. डोन मशीनले टेकून हाय. डोनीत करंट येऊन राह्यला. मानसाले झिनझिन करते तेवढा ढोराले लई होते. एखाद्या दिवशी म्हैस डोनीतच मरन."

पटेल ताडकन उठला. पायात वहाण न घालताच तो कोठ्याकडे गेला, म्हशीच्या पाठीवर हात फिरवला, डोणीकडे पाहिलं, पण डोणीला हात लावला नाही. मायच्या हाताचं सांगून जे झालं नाही ते म्हशीचं नाव घेताच झालं. महागूनं तेही गिळलं.

"मंग आता?" पटेल म्हणाला.

"मोटार बालाघाटले नेऊन, नवी तार गुंडाळून, बांधून आनावी लागन. अन् तार जोडावी लागन."

"मोटार अक्ती झाल्यावर नेऊ. आता कुट्टी कोन कापन हातानं? अन् घराच्या तारेले जोडू नको. कोठ्याचा खड्डा वेगळा खन. कोठ्याचं कोठ्यात राहू दे."

हे होण्यासारखं होतं. वेगळा खड्डा चांगला भरला आणि ओला राहिला तर काम देतो, हे महागूला माहीत होतं. नाही म्हटलं तर काहीच होणार नव्हतं. तो हौ म्हणाला.

खड्डा खणायला बाप-लेक दोघं लागले. कोठ्यामागची जमीन मुरमाची, सबलीचा म्हणजे पहारीचा टोला मारला की ठिणगी उडायची. फकिराची छाती भात्यासारखी हलत होती, पण तो सबल लेकाच्या हातात देईना. दोन दिवसांनी खड्डा त्याच्या छातीइतका झाला. पाईप, कोळसा, मीठ, सगळं महागूनं स्वतःच्या पदरचं आणलं. पटेल एकदा येऊन पाहून गेला आणि मीठ पाहून म्हणाला, "अरे, लोनचं घालून राह्यला का?" आणि स्वतःच हसला.

तार जोडून झाली तशी महागूनं झोळीतून दोन तारा लावलेला शंभराचा बल्ब काढला. एक टोक करंटला लावलं, दुसरं नव्या खड्ड्याच्या पाईपाला. बल्ब लख्ख पेटला.

"पाह्य माय," तो म्हणाला. "हा असा पांढरा जळते तोवर खड्डा जित्ता हाय. जमीन सुकली का हा लाल होत जाईन. लाल झाला का समज, खड्डा मेला. मंग मशीनले हात नाई लावाचा."

"जित्ता ठेवाले काय कराव लागते?"

"पानी. रोज एक घडा. उन्हाळाभर."

आणि तिथंच सगळं अडलं. पटेलाची विहीर खड्ड्यापासून वीस पावलांवर होती, पण ती मैनाबाईसाठी नव्हती. महागू पुन्हा पडवीपाशी गेला. भांडी घासल्याचं पाणी खड्ड्याकडे वळवू द्या, म्हणाला. खरकटं, राखेचं, कसलंही पाणी चालते. मोरीची नाली चार हात वळवली की झालं, आणि ती तो स्वतः खणणार होता.

जिजाबाईची त्या नालीवर कोचई, म्हणजे अळू, लावलेली होती. पानं चांगली सुपाएवढी झाली होती. "माही कोचई सुकवू अन् दगडाले पानी पाजू?" ती म्हणाली. "अन् माह्या मोरीचं पानी तुह्या तारेले लागन, ते येगळंच."

पटेल तंबाखूची चंची सोडू लागला. त्याची बायको आनंदी मागं उभी होती, तिनं एकदा महागूकडे पाहिलं आणि पदर ओढून घेतला.

"मी टाकतो बाबू," मैनाबाई म्हणाली. "आपल्या विहिरीचा एक घडा आनीन रोज. त्यात का हाय?"

त्यात काय आहे ते पुढच्या महिन्यात कळलं. बौद्धटोलीची विहीर गावाच्या दुसऱ्या टोकाला. भरला घडा डोक्यावर घेऊन मैनाबाई पहाटे निघायची, पटेलाच्या कोठ्यामागं तो खड्ड्यात ओतायची, जमीन सुर्रकन पिऊन टाकायची. मग ती शेण काढायला वाकायची. चैत्र लागला तशी टोलीच्या विहिरीत दोर दोन हात जास्त सोडावा लागू लागला. बायका बोलू लागल्या. शेजारची शेवंताबाई तोंडानं फटकळ, तिनं विहिरीवरच अडवलं.

"मैना, आमच्या लेकराइले गढूळ पानी अन् तू पटेलाच्या जमिनीले घडे पाजते?"

"जमिनीले नाई वो, खड्ड्याले."

"खड्डा कोनाचा?"

मैनाबाईला सांगता येईना. करंट, तार, पाईप, लाल बल्ब, हे सगळं लेकाच्या तोंडून खरं वाटायचं, तिच्या तोंडून ते खुळ्यासारखं वाटायचं. ती खालमानेनं घडा घेऊन निघाली. मागून कुणीतरी म्हणालं, पटेलाची लाडकी हाय ते. बावीस वर्षं शेण काढून ही पदवी मिळाली, याचं तिला फार वाईट वाटलं.

चैत्र निम्मा होता होता महागू एका रविवारी आला. त्यानं बल्ब लावून पाहिला. तो पिवळा जळत होता, हळदीसारखा.

"माय, रोज टाकते का पानी?"

"टाकतो न."

"पुरा घडा?"

आता अर्धाच मिळत होता. उरलेला घरात प्यायला लागायचा.

महागूनं त्या संध्याकाळी बापाला सांगितलं, साल सोडून द्या. बालाघाटला खोली आहे, मी कमावतो, तिघांना पुरेल. उद्याच चला.

फकिरा खाटेच्या दोऱ्या ताणत बसला होता. त्यानं हात थांबवला नाही. "बावीस सालं झाली. एकबी साल म्या मधात सोडलं नाई."

"कोन विचारते तुमाले? मेडल भेटते का?"

"वीस दिवस राह्यले अक्तीले. वीस दिवसासाठी नाव खराब करू?"

"अन् मायले काही झालं तं?"

"होत नाई काही," मैनाबाईच म्हणाली. ती कोपऱ्यात बालाघाटला न्यायची भांडी एका गोणीत घालून पाहत होती, मावतात का म्हणून. "ढोरं तं आता आंब्याखाली बांधते. मशीनवर घटकाभराचं काम हाय. अक्ती झाली का मी तुह्याकडेच येतो. तिथं नळ हाय म्हन्ते न घरासमोर?"

"हौ, हाय."

"कोनीबी भरते?"

"कोनीबी."

ती समाधानानं गोणीचं तोंड बांधू लागली. महागूनं मग दोघांना समोर बसवून पढवलं. मशीन चालू करायच्या आधी कोरडं पोतं पायाखाली घ्यायचं. कुणाला करंट धरला तर त्याला हात लावायचा नाही. आधी बटन बंद करायचं. फकिरा मान हलवत होता. लेकानं तीनदा म्हणवून घेतलं: आधी बटन. ओसरीतलं बटन. हात लावाचा नाई.

जाताना तो पटेलालाही सांगून गेला, अक्तीपर्यंत मशीन बंद ठेवा. पटेल म्हणाला, पाहू.

आठवड्याभरात टोलीच्या विहिरीत चिखल निघाला. घरटी एक घडा, तोही प्यायला, असं सगळ्या बायकांनी ठरवलं आणि मैनाबाईनंही मान डोलावली. दुसरं काय करणार होती? तिनं जिजाबाईला भांड्याच्या पाण्याबद्दल एकदा विचारून पाहिलं. जिजाबाई म्हणाली, "पुन्हा सुरू झालं तुमचं?" आनंदीनं दोन दिवस सासूचा डोळा चुकवून खरकट्या पाण्याची बादली खड्ड्यात ओतली. तिसऱ्या दिवशी सापडली. सासूनं काही मारलं नाही, फक्त ती बादली तिच्या हातून घेऊन उरलेलं पाणी तिच्याच पायावर ओतलं. त्यानंतर खड्ड्याकडे कुणी फिरकलं नाही. आठ दिवस उन्हं अशी तापली की मुरमाला भेगा गेल्या.

अक्ती दोन दिवसांवर होती. महागू बालाघाटच्या एका धानाच्या मिलमध्ये शिडीवर चढून पाईप ठोकत होता. खाली गावचा एक पोरगा सायकल धरून उभा राहिला आणि नुसता वर पाहू लागला. महागूनं काय झालं ते विचारलंच नाही. तो खाली उतरला, आणि शिडी तशीच राहिली.

मैनाबाईला कोठ्याबाहेर आंब्याखाली निजवलं होतं. उजव्या तळहातावर काळी रेघ, मशीनच्या कडेइतकी रुंद. बाकी काही नाही, तोंड झोपल्यासारखं. पण महागूचे पाय आधी तिच्याकडे वळले नाहीत. ते कोठ्यामागं गेले. त्यानं खड्ड्यात हात घातला, मुठीत कोळशाची कोरडी भुकटी आली. मायला पाहायच्या आधी आपण खड्डा पाहिला, हे त्याला कळलं आणि तो तिथंच बसून मोठ्यानं रडला.

काय झालं ते त्याला शेवंताबाईनं सांगितलं. ती छाती बडवत होती. "दुपारची वेळ. मशीननं धरली तिले. तुह्या बापानं पाह्यलं, धावत गेला बटनाकडं. म्हातारी आडवी झाली दारात! आत पाय टाकू देल्ला नाई. आनंदीबाई विहिरीवरून आली, तिनं बंद केलं बटन. तवापावतर..."

जिजाबाई पडवीतून देवाच्या शपथा घेत होती, की ती घरात नव्हतीच, देवळात होती. टोलीतल्या एकाचाही त्यावर विश्वास बसला नाही. महागूचा तर मुळीच नाही. तो तिच्या अंगावर धावून गेला, चौघांनी धरून ठेवला. फकिरा मैनाबाईच्या पायथ्याशी बसला होता. त्याला कुणी विचारलं तर तो नुसता मान हलवायचा. महागूला वाटलं, भिऊन गेला आहे. अजूनही पटेलालाच भितो आहे.

दुसऱ्या दिवशी पोलिसांबरोबर विजेचा एक साहेब आला. हिरालाल त्याचं नाव. काम जाणणारा माणूस होता. त्यानं मोटार तपासली, महागूसारखाच बल्ब लावून पाहिला. बल्बमधली तार निखाऱ्याच्या टोकाएवढी लाल झाली, बस.

"गड्ढा तो सूखा है," तो म्हणाला. "इसमें पानी कौन डालता था?"

घनश्याम पटेल आपल्या मऊ आवाजात म्हणाला, "वही डालती थी, साहब. उसी के जिम्मे था. आठ दिन से नहीं डाला उसने."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. हिरालालनं तो तसाच कागदावर उतरवला. महागूनं विहिरीचं सांगितलं, कापलेल्या तारेचं सांगितलं, कोचईचं सांगितलं. साहेबानं ऐकून घेतलं, त्याच्या डोळ्यांत थोडी दयाही आली. पण कोचईचं लिहायला त्या कागदावर रकाना नव्हता. म्हातारी दारात आडवी झाली, हेही महागूनं सांगितलं. साहेबानं फकिराकडे पाहिलं. "क्यों बाबा, रोका था किसी ने?"

फकिरानं जमिनीकडे पाहिलं. म्हातारीचंही कागदावर आलं नाही.

माती देऊन झाली. अक्तीच्या दिवशी सकाळी महागू उठला तेव्हा बापाची खाट रिकामी होती. गोणी कोपऱ्यात तशीच बांधलेली. तो टोलीत फिरला, नदीकडे पाहून आला, आणि मग त्याला जे नको वाटत होतं तेच खरं निघालं. पटेलाच्या अंगणात नव्या सालासाठी सहा-सात गडी ओळीनं उकिडवे बसले होते. शेवटी फकिरा. डोक्याला धुतलेलं पागोटं.

महागूनं त्याचा दंड धरला आणि ओढत त्याला आंब्यापाशी आणलं. "लाज नाई वाटत? ज्या घरानं मायले मारलं त्याच घरचं साल धरता?"

"सोड."

"त्या म्हातारीनं दारात अडवलं तुमाले! तिची गुलामी करता?"

"म्हातारी नव्हती," फकिरा म्हणाला.

"काय?"

"घरात नव्हती ते. लोकाइनं मनानंच जोडलं. देवळातच गेलती. आनंदीबाई बटन दाबून विहिरीवर गेलती. घरात कोनीच नव्हतं. दार सताड उघडं होतं."

महागूच्या हातातला दंड सुटला.

"मी उंबरठ्यापाशी गेलो," फकिरा म्हणाला. "बटन दिसत होतं मले. तू सांगतलं तसं, आधी बटन, हात लावाचा नाई, सगळं ध्यानात होतं. मी तिथं उभा राहून आवाज देल्ला. मालकीन, बटन. मालकीन, बटन."

"घरात कोनी नव्हतं तं आवाज कोनाले देत होता?"

"मालूम नाई."

"आत काहून नाई गेले?"

"पाय उचलला नाई, बाबू." म्हाताऱ्यानं स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "लई जोर केला. उचललाच नाई. मागं तिचा आवाज येऊन राह्यला होता. मंग आवाज बंद झाला. मंग आनंदीबाई आली."

ओळीतले गडी इकडे पाहत होते. महागूला बापाला मारावंसं वाटलं आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटलं, आणि दोन्ही जमलं नाही.

"तुह्याकडं येऊन का करू?" फकिरा म्हणाला. "खोलीत बसून दिवसभर तेच दिसन. इथं काम तरी राह्यते."

पडवीतून पटेलाची हाक आली. तो तिकडूनच म्हणाला, मोटार कालच बांधायला दिली, चार दिवसांत येईल; आणि झाली गोष्ट फार वाईट झाली; आणि महागू आलाच आहे तर कोठ्यात एक बटन बसवून जा, सामान मी देतो, पैसेही देतो.

महागू नाही म्हणून निघून जाणार होता. अंगण ओलांडून तो रस्त्यापर्यंत गेलाही. मग त्याला दिसलं की फकिरा उठून कोठ्यात गेला आहे आणि फावड्यानं शेण ओढू लागला आहे, जिथं ती पडली तिथंच. त्याला सोडून जाता येईना. त्यानं टोलीतून झोळी आणली. दुपारभर राबून त्यानं कोठ्याच्या दाराशी, बाहेरच्या बाजूनं, बापाच्या खांद्याच्या उंचीवर लाकडी फळी ठोकली आणि तिच्यावर बटन बसवलं. मोटार नव्हती, म्हणून तात्पुरता एक बल्ब जोडला.

"या," तो म्हणाला. "दाबून पाहा."

फकिरानं हात धोतराला पुसले. तो दबकत पुढं आला आणि बटनाला एक बोट लावलं. दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला.

"हे मी दाबलं तं चालते?"

"हौ."

"कोनाले आवाज द्या लागत नाई?"

"नाई."

फकिरानं पुन्हा दाबलं. पुन्हा. दिवा लागत होता, विझत होता, आणि म्हातारा प्रत्येक वेळी त्या दिव्याकडे आणि मग आपल्या बोटाकडे पाहत होता. बऱ्याच वेळानं तो थांबला.

"एवढंच होतं?" त्यानं विचारलं. "मंग दिवाळीतच काहून नाई लावलं, बाबू?"

बापानं ते रागानं विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. महागूला उत्तर माहीत होतं; दिवाळीत त्याला त्या घराच्या भिंतीला हात लावायला मिळाला होता. तो खाली बसून उरलेली तार गुंडाळत राहिला.